रुंद मडगार्डच्या मोटारीसाठी रिमची रुंदी व ऑफसेट

मोटारीची मडगार्डं बाहेर काढून रुंद केल्यावर त्यांच्याखाली किती रुंद रिम बसवायची आणि ती हबपासून (चाक ज्यावर बोल्टने आवळतात त्या भागापासून) किती आत-बाहेर ठेवायची हे ठरवण्याचे काम. हे दोन आकडे एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून एक ठरवून दुसरा नंतर पाहू असे करता येत नाही. शर्यतीच्या व रॅलीच्या मोटारींमुळे हे तंत्र घडले आणि पुढे हौशी मालकांच्या गॅरेजमध्ये आले. मडगार्ड रुंद करण्याचे मार्ग अनेक आहेत : मूळ पत्रा ठोकून ओढणे, नवा पत्रा वेल्ड करणे, किंवा फायबरची पट्टी रिव्हेट वा स्क्रूने वरून जोडणे. जपानचे अकिरा नाकाई जुन्या पोर्शे ९११ गाड्यांची मूळ मडगार्डं करवतीने कापून त्यावर रुंद भाग जोडतात, त्यामुळे हा शेवटचा प्रकार जगभर ओळखीचा झाला. मार्ग कोणताही असो, चाकाचे गणित तेच राहते.

रिमची रुंदी इंचांत सांगतात आणि आकड्यापुढे कडेचा आकार दाखवणारे ‘जे’ हे अक्षर लावतात : ६जे, ७जे, साडेआठ जे. ही रुंदी टायरच्या दोन कडा जिथे टेकतात त्या दोन जागांमधली असते. बाहेरच्या ओठापासून बाहेरच्या ओठापर्यंत टेप लावला, तर माप साधारण १ इंच जास्त भरते. जुन्या रिमा विकत घेताना नेमका इथेच घोळ होतो. विकणारा टेप लावून ‘नऊ इंची’ म्हणतो आणि घरी आलेली रिम ८जे निघते.

ऑफसेट म्हणजे रिमचा हबवर टेकणारा पृष्ठभाग आणि रिमच्या रुंदीची मधली रेषा यांतले अंतर, मिलिमीटरमध्ये. रिमवर ते ‘ईटी’ या अक्षरांपुढे कोरलेले असते. टेकणारा पृष्ठभाग मधल्या रेषेच्या बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट धन, आतल्या बाजूला असेल तर ऋण. आकडा जसा घटत जातो तशी रिम बाहेर सरकते. हिशेब सोपा आहे : रुंदीचा अर्धा भाग वजा ऑफसेट केला की हबच्या बाहेर रिम किती येते ते कळते, आणि अर्ध्या भागात ऑफसेट मिळवला की आत किती जाते ते कळते. १ इंच म्हणजे २५.४ मिमी एवढे लक्षात ठेवले की हा हिशेब कागदाच्या चिटोऱ्यावर होतो.

या हिशेबाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण पोर्शे ९११ मध्ये सापडते. तिच्या फुक्स बनावटीच्या १५ इंची रिमा वेगवेगळ्या रुंदीत आल्या. ६जे रिमचा ऑफसेट ३६ मिमी, ७जेचा २३.३ आणि ८जेचा १०.६. आकडे सुटे पाहिले तर विचित्र वाटतात, दशांशात का असावेत ते कळत नाही. पण प्रत्येक टप्प्यावर ऑफसेट १२.७ मिमीने, म्हणजे बरोबर अर्ध्या इंचाने घटलेला आहे. आतली बाजू काढून पाहिली तर तिन्ही रिमांत ती ११२.२ मिमीच येते. बाहेरची बाजू मात्र ४०.२ वरून ६५.६ आणि तिथून ९१.० मिमीवर जाते. याचा अर्थ असा, की अभियंत्यांनी चाकाची आतली रेषा जागची हलू दिली नाही आणि वाढलेला प्रत्येक इंच बाहेर ढकलला. आत सस्पेन्शन आहे, ते सरकवता येत नाही. बाहेर पत्रा आहे, तो ओढता येतो.

आणि पत्रा त्यांनी खरोखर ओढला. ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेल्या ९११ कॅरेरा आरएस २.७ मध्ये पुढे ६जे रिमवर १८५/७० आणि मागे ७जे रिमवर २१५/६० टायर होते (पहिला आकडा टायरची रुंदी मिमीमध्ये, दुसरा त्याच्या बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत). पोर्शेच्या रस्त्यावरच्या गाडीत पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असण्याची ती पहिली वेळ. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असल्याने वळणावर या गाडीचे बूड बाहेर पळू पाहते. मागे जास्त रबर देणे हा त्यावरचा सरळ उपाय होता. त्यासाठी साध्या ९११ ची १६१० मिमी रुंदी मागच्या चाकांपाशी १६५२ मिमी केली. एका बाजूला फक्त २१ मिमी. रिमचा बाहेरचा काठ मात्र ६जेच्या तुलनेत २५.४ मिमी बाहेर आला होता, म्हणजे उरलेले ४.४ मिमी आधीच मोकळ्या असलेल्या जागेतून काढले गेले. लागेल तेवढेच मडगार्ड वाढवण्याचा इतका नेटका नमुना दुसरा चटकन आठवत नाही. पुढच्याच शर्यतीच्या आवृत्तीत, आरएसआरमध्ये, पुढे ९ आणि मागे ११ इंची रिमा गेल्या आणि बॉडी आणखी फुगली; त्याच गाडीने १९७३ मध्ये डेटोनाची २४ तासांची शर्यत जिंकली. १९७५ ची टर्बो तर १७७५ मिमी रुंद होती. तिथली सगळी वाढ रिममधून आली नाही, चाकांचा ट्रॅकच (डाव्या-उजव्या चाकांच्या मधल्या रेषांतले अंतर) रुंद केला गेला.

याच घराण्यात एक उलटे उदाहरण आहे. ‘७आर’ नावाने ओळखली जाणारी ७जे रिम मडगार्ड न वाढवलेल्या अरुंद गाडीत बसावी म्हणून केली होती, आणि तिचा ऑफसेट ४९ मिमी आहे. बाहेर ती ३९.९ मिमी येते, म्हणजे ६जे रिमइतकीच. वाढलेला इंच सगळा आत गेला. दोन्ही रिमा ७जे, दोन्ही १५ इंची, भोके तीच, आणि तरी एक रुंद मडगार्डात शोभते तर दुसरी त्याच मडगार्डात अडीच सेंटिमीटर आत बुडून जाते. ‘माझ्या गाडीला सात इंची रिम बसेल का’ या प्रश्नाला ऑफसेट सांगितल्याशिवाय उत्तर नसते ते यासाठी.

प्रत्यक्ष निवड करताना सुरुवात मापांपासून करावी, रिमच्या फोटोंपासून नाही. मूळ चाक काढावे, गाडी नेहमीच्या उंचीवर येईल इतका लोअर आर्म जॅकने उचलावा आणि हबच्या टेकणाऱ्या पृष्ठभागावर सरळ पट्टी धरावी. मडगार्डच्या आतल्या काठावरून ओळंबा सोडला, की पट्टीपासून दोरीपर्यंतचे अंतर ही बाहेरची मर्यादा. आत शॉकअब्सॉर्बर, स्प्रिंगची वाटी, स्टिअरिंगचा टाय रॉड किंवा चॅसीचा पत्रा यांतले जे सर्वांत आधी आडवे येईल तिथवरचे अंतर ही आतली मर्यादा. ही मापे टायरच्या सर्वांत फुगीर भागाच्या उंचीवर घ्यावीत आणि चारही चाकांवर वेगवेगळी घ्यावीत, कारण हाताने रुंद केलेली डावी-उजवी मडगार्डं तंतोतंत सारखी क्वचितच असतात. दोन बाजूंत ५ मिमीचा फरक सहज निघतो, आणि मग कमी असलेली बाजूच खरी धरायची.

समजा बाहेर १२० मिमी आणि आत १४० मिमी जागा मिळाली. एकूण २६० मिमी, त्यातून दोन्हीकडे थोडी मोकळीक सोडायची. २३५/४० आर १७ हा टायर साडेआठ जे रिमवर सुमारे २४१ मिमी रुंद भरतो. म्हणजे १९ मिमी उरतात. दोन्हीकडे सारखी मोकळीक हवी तर ऑफसेट दोन मर्यादांच्या फरकाचा निम्मा, म्हणजे १० मिमी येतो. मग टायर बाहेर ११०.५ आणि आत १३०.५ मिमी जातो व दोन्हीकडे साडेनऊ मिमी राहतात. दुकानात ईटी १५ ची रिम मिळाली, तर आतली मोकळीक साडेचारवर येते. एवढी मोकळीक पुरेशी आहे की नाही हे आत काय आहे त्यावर ठरते. मॅकफर्सन पद्धतीत शॉकअब्सॉर्बर हबलाच बोल्टने आवळलेला असतो आणि चाकाबरोबर वर-खाली जातो, त्यामुळे तिथे चारपाच मिमीचे अंतर जवळजवळ तसेच टिकते. आडवी येणारी गोष्ट चॅसीला जोडलेली असेल, तर खड्ड्यात चाक वर जाताना तेच अंतर खाल्ले जाते.

म्हणून शेवटची खात्री गाडी उभी असताना होत नाही. स्प्रिंग काढून चाक जॅकने बंप स्टॉपपर्यंत (चाकाची वर जाण्याची हद्द ठरवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) उचलावे, पुढचे चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे, आणि घासण्याची शंका असेल तिथे प्लॅस्टिसिनच्या गोळ्या चिकटवून त्या किती चेपतात ते बघावे. पुढचे चाक वळताना त्याचा बाहेर आलेला काठ मोठ्या वर्तुळात फिरतो. बाहेरून मडगार्डात छान बसलेले चाक पूर्ण वळणावर बंपरच्या कोपऱ्याला किंवा आतल्या लायनरला लागते ते याचमुळे, आणि ईटी जितका कमी तितके ते लवकर लागते. ऋण कॅम्बर दिला तर चाकाचा माथा आत झुकतो : ६०० मिमी व्यासाच्या टायरला १ अंशाने हबच्या रेषेच्या तुलनेत माथ्यापाशी सुमारे ५ मिमी मिळतात. पण घासणाऱ्या चाकाला जागा करून देण्यासाठी कॅम्बर वाढवत नेणे ही वाईट सवय आहे. टायर आतल्या काठावर झिजतो आणि ब्रेक लावताना जमिनीला टेकणारे रबर कमी होते.

टायरचा आकडाही ढोबळ असतो. बाजूवर छापलेले २२५ हे ठराविक रुंदीच्या रिमवरचे माप. रिम अर्ध्या इंचाने रुंद केली की टायर सुमारे ५ मिमीने फुगतो. प्रत्येक मापाला चालणाऱ्या रिमची मर्यादा ठरलेली आहे. २०५/५५ आर १६ साठी ती साडेपाच ते साडेसात इंच, २२५/४५ आर १७ साठी ७ ते साडेआठ. रुंद मडगार्ड भरायचे म्हणून रुंद रिमवर अरुंद टायर ताणून चढवण्याची हौस बरीच दिसते. अशा टायरची बाजू तिरकी उभी राहते, रिमचा ओठ टायरच्या बाहेर उघडा पडतो, आणि आपल्याकडच्या खड्ड्यांत पहिला मार त्या ओठालाच बसतो. मी ती कधीच सुचवणार नाही.

रिम बाहेर गेल्याचे परिणाम मडगार्डखाली थांबत नाहीत. ट्रॅक ऑफसेटमधल्या फरकाच्या दुप्पट वाढतो. ईटी ३५ वरून १५ वर आले की ट्रॅक ४० मिमीने रुंद. गाडी वळणावर कमी कलंडते, हा फायदा. पण चाकाची मधली रेषा बेअरिंगपासून दूर गेल्याने वळणात बेअरिंगवर येणारा पीळ वाढतो आणि लोअर आर्मला लांब दांडा मिळाल्याने स्प्रिंग आधीपेक्षा मऊ पडल्यासारखी वागते.

स्टिअरिंगवरचा परिणाम त्याहून नाजूक आहे. पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष जमिनीला जिथे भेटतो, त्या बिंदूपासून टायरच्या टेकणाऱ्या भागाच्या मध्यापर्यंतचे अंतर कारखान्यात विचारपूर्वक ठरवलेले असते. १९७२ च्या ऑडी ८० मध्ये ते मुद्दाम ऋण ठेवले होते. तिचे ब्रेक तिरपे विभागलेले, एका पुढच्या चाकासोबत विरुद्ध बाजूचे मागचे चाक. एक जोडी निकामी झाली आणि एकाच पुढच्या चाकाने ब्रेक धरला, तरी चाक स्वतःहून अशा दिशेने वळू पाहते की गाडी सरळ राहते. अशा गाडीत ईटी २०-२५ मिमीने कमी केला की ऋण अंतर धन होऊन बसते आणि ही सोय उलटी पडते. एक चाक रस्त्याच्या कडेच्या चिखलात गेले की स्टिअरिंग हातातून ओढले जाते, ब्रेकवर गाडी एका अंगाला जाते. पुढच्या चाकांवर म्हणून मागच्यांपेक्षा जास्त जपून उतरावे. मागे मडगार्ड भरपूर वाढवले असले, तरी पुढे मूळ ऑफसेटच्या जवळ राहून रुंदी थोडीच वाढवणे बहुतेक गाड्यांना मानवते.

स्पेसर, म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये घालायची धातूची चकती, लावणे म्हणजे ऑफसेट तिच्या जाडीइतक्या मिलिमीटरने कमी करणे, त्याहून वेगळे काही नाही. ईटी ३५ च्या रिममागे २० मिमीचा स्पेसर म्हणजे ईटी १५. माप पडताळून पाहायला तो फार उपयोगी. कायम ठेवायचा असेल तर हबच्या गोल उंचवट्यावर नीट बसणारा आणि तितकेच लांब बोल्ट असलेला हवा. बोल्टचे आटे निदान त्याच्या व्यासाइतके खोल गेले पाहिजेत. रिमचे मधले भोक हबपेक्षा मोठे असेल तर मध्ये रिंग घालावी, नाहीतर वेगात थरथर येते. भोकांचे वर्तुळही जुळले पाहिजे : ९११ चे ५ बोल्ट १३० मिमीच्या वर्तुळावर, १९८६ च्या बीएमडब्ल्यू एम३ चे ५ बोल्ट १२० वर, आणि तिच्याच साध्या भावंडाचे ४ बोल्ट १०० वर.

युरोपात १९७८ च्या निर्देशापासून चाकाच्या मध्यापासून पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या पट्ट्यात मडगार्डने टायर झाकलेला असावा लागतो. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे आणखी ठामपणे मांडले. रुंद मडगार्डची गाडी इथे रस्त्यावर चालवायची असेल, तर पत्र्याला हात लावण्याआधी आरटीओत चौकशी करावी. एरवी कामाचा क्रम असा ठेवलेला बरा : आधी टायर ठरवावा, मग त्याला साजेशी रिम, मग आतल्या मर्यादेवरून ऑफसेट, आणि मडगार्ड सर्वांत शेवटी, त्या चाकाला लागेल तेवढे. बाजारात मिळणारे तयार फायबरचे किट आधी बसवले की हा क्रम उलटा होतो. मग ८० मिमी रुंद झालेले मडगार्ड भरण्यासाठी शून्याच्या आसपासचा ऑफसेट शोधावा लागतो, आणि तो गाडीच्या बेअरिंगला किंवा स्टिअरिंगला मानवतो का हे कोणी विचारत नाही.