एमआरआयवरचे पांढरे ठिपके आणि वहीतल्या चुका

मुलाच्या एमआरआयच्या अहवालात ‘बेसल गँग्लिया (मेंदूच्या खोल भागातले पेशींचे पुंजके) आणि लहान मेंदूत टी-२ (एमआरआयचा एक प्रकार) चित्रांवर उजळ ठिपके’ असे वाचले, की आईवडिलांच्या मनात पहिला शब्द येतो तो गाठ. न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार १, म्हणजे एनएफ-१, असलेल्या मुलांच्या बाबतीत ही भीती निराधार म्हणता येत नाही, कारण त्यांच्यापैकी साधारण १५ ते २० टक्के मुलांना डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांवर खरोखरच गाठ होते. अहवालातले हे ठिपके मात्र निराळे आहेत आणि तो निराळेपणा पालकांना सावकाश बसून समजावून सांगणे फार गरजेचे आहे.

एनएफ-१ हा सुमारे ३,००० जन्मांमागे एका बाळाला होणारा जनुकीय आजार आहे. त्वचेवर दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग, काखेत व जांघेत बारीक ठिपके आणि वयाबरोबर नसांवर येणाऱ्या मऊ गाठी ही त्याची ठळक लक्षणे. डागांना जन्मखुणा समजून वर्षानुवर्षे दुर्लक्ष होते, त्यातच जवळपास निम्म्या मुलांच्या घरात हा आजार आधी कोणालाच नसतो. दोष असतो तो १७व्या गुणसूत्रावरच्या, १९९० मध्ये शोध लागलेल्या एका जनुकात. या जनुकापासून बनणारे न्यूरोफायब्रोमिन हे प्रथिन पेशीतल्या ‘रास’ नावाच्या संदेशयंत्रणेला लगाम घालते. ते कमी पडले की रास गरजेपेक्षा जास्त वेळ चालू राहते.

आता ते ठिपके. या आजाराच्या बहुसंख्य मुलांत ते दिसतात. बेसल गँग्लिया, थॅलॅमस (संवेदनांचे संदेश पुढे पाठवणारा मेंदूच्या मध्यातला भाग), मेंदूचा देठ आणि लहान मेंदू या त्यांच्या नेहमीच्या जागा. गाठ आजूबाजूच्या भागाला दाबते आणि अनेकदा शिरेतून दिलेले रंजकद्रव्य शोषून चित्रात उजळते. हे ठिपके सहसा यातले काहीच करत नाहीत. नेमके काय आहे हे उमगत नसल्यामुळे डॉक्टर त्यांना बरीच वर्षे ‘ओळख न पटलेल्या उजळ वस्तू’ असेच म्हणत आले. मृत्यूनंतर तपासलेल्या मोजक्या मेंदूंत त्या जागी मज्जातंतूंवरच्या मायलिन आवरणात द्रवाने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या आढळल्या. मूल मोठे होते तसे हे ठिपके फिके पडतात आणि विशीपर्यंत बरेचसे दिसेनासेही होतात.

या आजाराची बरीच मुले अभ्यासात मागे पडतात. मग त्याचे कारण हेच ठिपके का? १९९०च्या दशकात सिडनीतल्या संशोधकांना ठिपके असलेल्या मुलांचा बुद्ध्यंक ठिपके नसलेल्यांपेक्षा कमी आढळला, तर इतर काही गटांना असा संबंध दिसला नाही. पुढे ठिपक्यांच्या संख्येपेक्षा त्यांची जागा, विशेषतः थॅलॅमस, महत्त्वाची असावी असे पुरावे आले. मला सर्वांत बोलकी वाटते ती सिडनीतल्या त्याच मुलांची आठ वर्षांनी पुन्हा केलेली तपासणी: ठिपके कमी झाले होते, फिके पडले होते, पण आकलनाच्या अडचणी होत्या तशाच होत्या. म्हणून स्कॅन सुधारला याचा अर्थ मुलाची अडचण संपली असा कोणी लावू नये आणि ठिपके दिसले म्हणून मूल शिकणारच नाही असेही समजू नये.

ही अडचण वहीत दिसते. फळ्यावरचे वाक्य उतरवताना मधलाच शब्द गळतो. वजाबाकी येत असूनही एककाचा अंक दशकाच्या घरात जाऊन बसतो. नकाशात नदी दुसऱ्याच बाजूला वाहते. रेषांचा कल ओळखण्याच्या चाचणीत, म्हणजे वरची तिरकी रेषा खालच्या पंख्यासारख्या मांडलेल्या रेषांपैकी कोणत्या रेषेशी जुळते हे सांगताना, ही मुले हमखास अडखळतात. सरासरी बुद्ध्यंक ९०च्या आसपास असतो, मतिमंदत्व थोड्याच मुलांत असते; पण निम्म्याहून अधिक मुलांना शिकण्यात अडचणी येतात आणि एक तृतीयांश ते निम्म्या मुलांत लक्ष न टिकण्याचा विकारही असतो. गप्पांत तरतरीत वाटणारे मूल वहीत चुकते, तेव्हा त्याला आळशी ठरवले जाते, आणि हा त्याच्यावर होणारा सर्वांत मोठा अन्याय आहे.

उपचारांचा शोध उंदरांपासून सुरू झाला. कॅलिफोर्नियात अल्सिनो सिल्वा यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवले, की हाच जनुकीय दोष असलेल्या उंदरांत जास्तीच्या रासमुळे मेंदूतले ‘थांबा’ सांगणारे गाबा या रसायनाचे संदेश वाढतात आणि शिकणे अडते. कोलेस्टेरॉलच्या औषधांपैकी लोव्हास्टॅटिनने ते उंदीर सुधारले. मोठी आशा निर्माण झाली, पण मुलांवरच्या नियंत्रित चाचण्यांत, आधी सिम्वास्टॅटिनच्या आणि पुढे लोव्हास्टॅटिनच्याही, अपेक्षित फायदा दिसला नाही. लक्ष टिकवण्यासाठीचे मेथिलफेनिडेट मात्र या आजाराच्या मुलांनाही उपयोगी पडते.

म्हणून निदान झालेल्या मुलाची मानसशास्त्रीय चाचणी शाळेत जाण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने व्हावी. डोळ्यांची तपासणी दर वर्षी हवीच. वर्गात पुढचा बाक, गणितासाठी चौकटींची वही, फळ्यावरचा मजकूर छापील हातात देणे, एका वेळी एकच सूचना, हे उपाय कोणत्याही शाळेला परवडणारे आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि तिचे प्रमाणपत्र असल्यास दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. त्यासाठीची चाचणी दहावीच्या वर्षापर्यंत लांबवू नये. तिसरी-चौथीतल्या वह्याच पुरेशा बोलक्या असतात.