काटा हिरव्यात, पण पावडर?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या सोसायटीच्या जिन्यातला आग विझवायचा लाल सिलिंडर बघा. वर बोटभर मीटर, काटा हिरव्या पट्ट्यात, सेक्रेटरी निर्धास्त. पण तो काटा फक्त आत भरलेल्या नायट्रोजनचा दाब सांगतो. पावडर मोकळी आहे की तिचा दगड झालाय, ती पुरेशी भरलीय का, नळीच्या तोंडात कुंभारमाशीनं घर केलंय का, यातलं काहीच त्याला कळत नाही.

या सिलिंडरातली एबीसी पावडर म्हणजे मुख्यतः मोनो अमोनियम फॉस्फेट. ती ज्वालेतली रासायनिक साखळी तोडते, शिवाय जळत्या लाकडा-कागदावर वितळून चिकट थर धरते. म्हणून घन, द्रव, वायू अशा तिन्ही आगींवर चालते. पण तिला ओल सोसत नाही. भर पावसाळ्यात उघड्यावर रिफिलिंग केलं की गठ्ठे होतात. मग ऐन वेळी मूठ दाबली की फुस्सकन नायट्रोजन निघून जातो आणि पावडर आतच राहते. पैसे वाचवायला कुणी तिच्यात सोडियम बायकार्बोनेटची स्वस्त पावडर मिसळली तर आणखी वाईट, कारण दोन्हींची एकमेकांशी प्रक्रिया होते. म्हणून सिलिंडरचं वजन करून ते लेबलाशी ताडून पाहायचं. तपासायला आलेल्या माणसाकडे वजनकाटाच नसेल, तर तो फक्त स्टिकर बदलायला आलाय.

मीटर रूम आणि लिफ्टच्या पॅनलसाठी कार्बन डायऑक्साइड बरा. मागे कचरा उरत नाही. याला मीटरच नसतं आणि त्यामागे कारण आहे. आत द्रव आणि वायू एकत्र असतात. द्रव शिल्लक आहे तोवर दाब तापमानावर ठरतो. 20 अंशांना सुमारे 57 बार, मग सिलिंडर भरलेला असो वा अर्धा. त्यामुळे इथे वजन हीच एकमेव खूण. भरलेल्या वायूपैकी 10 टक्क्यांहून जास्त घटला की रिफिल. नाशिकचा पारा मे महिन्यात 40 कडे सरकतो, तेव्हा हा सिलिंडर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नको. दाब चढत जातो आणि सुरक्षा चकती फुटून सगळा वायू वाया जाऊ शकतो. वापरताना पुढचा भोंगा उघड्या हातानं धरू नये, बाहेर पडणारा वायू उणे 78 अंशांपर्यंत थंड असतो. आणि बंद खोलीत मारून लगेच बाहेर पडावं, तो प्राणवायूची जागा घेतो.

स्वयंपाकघराची गोष्टच वेगळी. मिसळीच्या हॉटेलात तेलाची कढई पेटली आणि कुणी तांब्याभर पाणी ओतलं, तर ते तळाशी जाऊन क्षणात सुमारे 1700 पट फुगतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडतं. पावडरनं ज्वाला बसते खरी, पण तेल तितकंच तापलेलं असतं, पुन्हा भडकतं. शिवाय जवळून मारलेला झोत तेल सांडवतो. अशा जागी वेट केमिकलचा सिलिंडर लावावा. त्यातल्या पोटॅशियमच्या क्षारांमुळे तेलावर साबणासारखा थर बसतो. घरी गॅस बंद करून वर झाकण ठेवलं तरी पुष्कळ. गळणारा गॅस पेटला असेल तर आधी रेग्युलेटर बंद करायचा. नुसती ज्वाला विझवली तर गॅस खोलीत साठून स्फोट होतो.

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये मॅग्नेशियमचा चुरा असेल तर यातलं काहीच नको, धातूसाठीची खास पावडरच हवी.

लावायचा कुठे? कुठूनही 15 मीटरच्या आत चालत पोचता यावं. मीटर रूमचा सिलिंडर दाराबाहेर असावा. धुरात शिरून कोण काढणार?

महिन्यातून एकदा पिन, सील, नळी आणि बूड बघावं. फरशी धुताना बुडाशी पाणी मुरतं, गंज तिथूनच धरतो. पावडरच्या सिलिंडरची पाण्याच्या दाबाची चाचणी दर 3 वर्षांनी, कार्बन डायऑक्साइडची दर 5 वर्षांनी. आयुष्य अनुक्रमे 10 आणि 15 वर्षं. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे बी फॉर्म, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. एकदा ‘जरा बघू’ म्हणून मूठ दाबली, तरी सिलिंडर रिफिललाच पाठवावा. व्हॉल्व्हच्या बैठकीत पावडरचे कण अडकतात आणि काही दिवसांत दाब गळून जातो.

रिफिलला द्यायचा असलेला सिलिंडर आधी सरावासाठी वॉचमनच्या हाती द्या. पिन ओढायची, दोन-तीन मीटरवरून ज्वालेच्या बुडाशी नेम धरायचा, मूठ दाबून झोत डावी-उजवीकडे फिरवायचा. 6 किलोचा सिलिंडर साधारण 15 सेकंदांत रिकामा होतो.