ज्या मुलांना दात कमी, त्यांची कवळी : घरच्यांसाठी माहिती

मूल तीन वर्षांचे झाले तरी तोंडात दोन-चारच दात, तेही सुळ्यासारखे टोकदार. केस विरळ, अंगाला घाम जवळजवळ नाहीच. अशा मुलांच्या कागदावर डॉक्टर ‘एक्टोडर्मल डिस्प्लेझिया’ (दात, केस, घामाच्या ग्रंथी जन्मतः नीट न घडण्याचा विकार) लिहितात आणि कवळीचे काम आमच्या लॅबकडे येते.

‘येतील उशिरा’ म्हणून थांबू नका. काही दात उशिरा येतात हे खरे, पण बऱ्याच दातांचा कोंबच जबड्यात नसतो. ओपीजी नावाच्या एक्स-रेत ते दिसते. दात नाही तिथे हाडही भरत नाही, हिरडी सुरीच्या धारेसारखी बारीक राहते. म्हणून टोकदार दात ‘वाईट दिसतो’ एवढ्यासाठी काढायला सांगू नका. तो हाड राखतो. डॉक्टर त्याच्यावर दाताच्या रंगाचे मटेरियल चढवून आकार देतात, मग कवळीची तार त्याला धरते. निमुळत्या दातावरून ती निसटते.

मूल माप देऊ लागले, साधारण तीन-चार वर्षांचे झाले, की पहिली कवळी करता येते. आधी मेणात दात लावून ट्रायल होते. तेव्हा मुलाकडून ‘ताट’, ‘दादा’, ‘सात, साठ, सत्तर’ असे म्हणवून घ्यायला आम्ही डॉक्टरांना सांगतो. त-द म्हणताना जीभ पुढच्या दातांना टेकते. ती बाहेर डोकावली, तर दात मेणातच सरकवता येतात. अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कवळीचे प्लास्टिक, शिजल्यावर तेच काम जिकिरीचे होते.

जबडा वाढतो, कवळी वाढत नाही. ती पुन्हा पुन्हा नवी करावी लागणार, हा खर्च आधीच धरून चला. ‘एकदाच इम्प्लांट (कृत्रिम दातासाठी हाडात बसवायचा स्क्रू) बसवा ना’ असे बरेच जण म्हणतात. पण हाडात रुतलेला इम्प्लांट वाढत्या जबड्याबरोबर सरकत नाही, मागे पडतो. म्हणून बहुतेक वेळा वाढ पूर्ण होईपर्यंत थांबतात. खालच्या जबड्याचा पुढचा भाग काही वेळा याला अपवाद असतो. तो निर्णय डॉक्टरांचा.

दात थोडे म्हणून कीड थोडी, असे नाही. लाळ कमी असली तर कीड लवकर लागते. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी. कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. उकळत्या पाण्याने ती वाकते. धुताना खाली पाण्याने भरलेले घमेले ठेवा. फरशीवर पडून तुटलेल्या कवळ्या आमच्याकडे फार येतात.

उन्हाळ्यात मापासाठी सकाळची वेळ मागा. घाम नसल्याने या मुलांचे अंग पटकन तापते.

आणि ग्रहणात काही चिरले-कापले म्हणून हे झाले, असे कुणी म्हटले तर ऐकू नका. हे जनुकातून येते. डार्विनने 1875 साली सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद केली आहे : चार पिढ्यांत दहा पुरुष, प्रत्येकाला दोन्ही जबडे मिळून बाराच दात. मुलींना त्रास नाही, पण त्यांच्या मुलग्यांत तो उतरे. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार असाच चालतो. तेव्हा आईचा एखादा दात जन्मतः नसेल किंवा बारीक असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.