स्किड प्लेट

स्किड प्लेट : खडकाळ, खाचखळग्यांच्या वाटेवर चालणाऱ्या मोटारगाडीच्या पोटाखाली बसवलेला जाड पत्रा. इंजिनाचे ऑइल चेंबर, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढच्या व मागच्या चाकांना शक्ती वाटणारी पेटी), इंधनटाकी आणि डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना शक्ती वाटणारा दंतचक्रसंच) हे भाग दगडावर आपटून फुटू नयेत म्हणून तो बसवतात. रस्त्यावरच्या गाड्यांखाली चिखलपाणी अडवण्यासाठी असणारे पातळ प्लॅस्टिकचे आवरण वेगळे. ते गाडीचा भार पेलू शकत नाही.

संज्ञा : या एकाच वस्तूला अमेरिकेत ‘स्किड प्लेट’, ब्रिटनमध्ये ‘सम्प गार्ड’ आणि ऑस्ट्रेलियात ‘बॅश प्लेट’ म्हणण्याचा प्रघात आहे. ‘स्किड’चा जुना अर्थ घसरणे असा नव्हता. अवजड वस्तू टेकवण्यासाठी किंवा सरकवत नेण्यासाठी खाली घातलेला लाकडी ओंडका, असा तो होता आणि या अर्थाने हा शब्द सतराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आढळतो. त्याचे मूळ अनिश्चित आहे. लाकडाची फळी या अर्थाच्या ज्या प्राचीन नॉर्स शब्दापासून ‘स्की’ आला, त्याच्याशी याचे नाते असावे, ही व्युत्पत्ती त्यातल्या त्यात ग्राह्य वाटते. ‘सम्प’ म्हणजे मुळात दलदल. पुढे खाणीतले पाणी साठवण्याचा खड्डा आणि अखेर इंजिनाच्या तळाचे तेलपात्र. म्हणजे ब्रिटिश संज्ञा काय वाचवायचे ते सांगते, तर अमेरिकी संज्ञा कसे वाचवायचे ते. प्रस्तुत नोंदीत अमेरिकी संज्ञा स्वीकारली आहे, कारण या पत्र्याचे खरे काम घाव अडवण्याचे नसून गाडीला दगडावरून सरकू देण्याचे आहे. प्लेट निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका हा भेद न ओळखल्यामुळे होतात.

उगम : उगमाचा मागोवा घेताना दोन धागे हाती लागतात. पहिला लष्करी : दुसऱ्या महायुद्धातील विलिस एमबी जीपच्या (१९४१–४५) गिअरबॉक्स व ट्रान्स्फर केसखाली असा पत्रा होता. दुसरा रॅली शर्यतींचा : १९६० च्या दशकात माँटे कार्लो रॅली जिंकणाऱ्या मिनी कूपर गाड्यांना सम्प गार्ड लावत. मिनीत गिअरबॉक्स इंजिनाच्या सम्पमध्येच असल्यामुळे तळाला बसलेला एक घाव दोन्ही यंत्रणा निकामी करू शकत असे. एका परंपरेतून दुसरी निघाली असे म्हणण्यापेक्षा दोन्ही स्वतंत्रपणे वाढल्या असाव्यात, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. पहिलीत गाडी संथपणे दगडावर टेकते, तर दुसरीत ती वेगाने आदळते.

द्रव्य व जाडी : पोलाद आणि ॲल्युमिनियम मिश्रधातू ही मुख्य द्रव्ये आहेत. पोलादाची घनता सु. ७·८५, तर ॲल्युमिनियमची २·७ ग्रॅम प्रति घसेंमी. आहे. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक (द्रव्याच्या ताठपणाचे माप) सु. २०० गिगॅपास्कल, ॲल्युमिनियमचा सु. ७०. यावरून पोलाद तिप्पट ताठ, असा निष्कर्ष काढला जातो, पण तो अपुरा आहे. सपाट पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ३ मिमी. पोलादाइतका ताठपणा सु. ४·३ मिमी. ॲल्युमिनियम देते आणि तेही निम्म्या वजनात. ६ मिमी. ॲल्युमिनियम तर त्या पोलादाच्या सु. २·८ पट ताठ असते. त्याचे वजन दर चौ. मी.ला सु. १६ किग्रॅ. भरते, पोलादाचे सु. २३·५ किग्रॅ.

मात्र ताठपणा म्हणजे सर्वस्व नव्हे. ॲल्युमिनियम मऊ असल्याने दगडाची धार त्यात रुतते आणि गाडी सरकण्याऐवजी अडते. पोलाद ओरखडे खाते, पण सरकते. म्हणून खडकांवरून वारंवार पोट घासत जाणाऱ्या गाडीला पोलाद आणि लांब पल्ल्याच्या, क्वचितच टेकणाऱ्या गाडीला ॲल्युमिनियम, ही निवड योग्य म्हणावी लागेल. ॲल्युमिनियममध्ये ६०६१-टी६ हा मिश्रधातू ५०५२-एच३२ पेक्षा जास्त ताण सोसतो, पण तो वाकवताना तडकण्याचा धोका अधिक आणि जोडकामाच्या उष्णतेने त्याचे बल बरेच घटते. त्यामुळे घड्या घालून घडवलेल्या प्लेटसाठी ५०५२ सोयीचा ठरतो. खारे पाणी लागणाऱ्या ठिकाणी ॲल्युमिनियम आणि पोलादी बोल्ट यांच्या सांध्यात विद्युत-रासायनिक गंज चढतो. मध्ये विसंवाहक चकती घालणे इष्ट. अतिउच्च रेणुभाराचे पॉलिथिलीन सर्वांत निसरडे आणि पाण्याहून हलके असते, पण ते सु. १३०–१३६° से.ला वितळते. म्हणून एक्झॉस्टजवळ ते टाळावे.

बसवणी : उत्तम पत्राही दुबळ्या आधारावर निरुपयोगी असतो. गाडीचा अर्धाअधिक भार क्षणभर एकाच दगडावर येऊ शकतो. तो प्लेटमधून थेट चासीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) दांड्यांत उतरला पाहिजे. प्लेट आणि चेंबर यांच्यात मोकळी जागा हवी. ती नसेल, तर वाकलेली प्लेटच चेंबर फोडते. पुढची कड वर वळवलेली असावी. एकामागे एक प्लेटा असतील, तर सांध्यावर पुढची प्लेट मागचीच्या खाली यावी, म्हणजे पुढे जाताना कड दगडात अडकत नाही. बोल्टची डोकी पत्र्याच्या पातळीत बुडालेली हवीत. बाहेर राहिलेली डोकी घासून गोल होतात आणि पुढे प्लेट काढणेच अशक्य होते. तेल बदलण्यासाठी भोक ठेवतात, पण तेथूनच खडे व चिखल आत शिरतात. साठलेला चिखल वजन वाढवतो आणि उष्णता कोंडतो. वाळके गवत एक्झॉस्टजवळ अडकले, तर गाडी पेटू शकते, म्हणून गवताळ माळावरून आल्यावर प्लेटवरचा भाग तपासणे हे साधे पण जीव वाचवणारे काम आहे. हवा खेळण्यासाठी झरोके ठेवलेली प्लेट गिअरबॉक्सच्या दृष्टीने बरी.

प्रत्येक प्लेट वजन वाढवते आणि थोडी उंची खाते. त्यामुळे सगळे पोट झाकण्याआधी कोणता भाग सर्वांत खाली लोंबतो, ते गाडीखाली झोपून पाहणे अगत्याचे आहे. अखंड आसाच्या (डावे-उजवे चाक एकाच कडक आसावर असलेल्या) गाडीत डिफरन्शियल चाकांबरोबर वरखाली होते, त्यामुळे त्याला स्वतंत्र छोटी प्लेट लागते. स्वतंत्र निलंबनाच्या (प्रत्येक चाक वेगवेगळे वरखाली होणाऱ्या) गाडीत ते चासीला बांधलेले असते आणि मोठ्या प्लेटखाली झाकता येते.

विद्युत् गाड्यांत चेंबरची जागा बॅटरीने घेतली आहे. रस्त्यावर पडलेल्या वस्तूंनी बॅटरीला घाव बसून आगी लागल्यानंतर टेस्लाने २०१४ मध्ये मॉडेल एस गाडीखाली टायटॅनियमचा पत्रा व ॲल्युमिनियमचे भाग बसवले. मोटारसायकलींनाही इंजिनाखाली अशीच लहान प्लेट असते.