मीठ टाकून वाफ घेतली की कफ वितळतो? जरा थांबा

सोसायटीच्या ग्रुपवर थंडी सुरू झाली की हा मेसेज येतोच : उकळत्या पाण्यात चमचाभर मीठ टाका, वाफ घ्या, मीठ छातीत जाऊन कफ वितळवतं. वाफेने खरंच थोडं बरं वाटतं ना, म्हणून मिठाचंही पटतं.

पण मीठ वाफेबरोबर वर येतच नाही. आपल्याकडे भाईंदर-उरणला मिठागरं आहेत, तिथे काय होतं, पाणी उडून जातं आणि मीठ खाली राहतं, टोपातही तेच. बघायचं असेल तर मंद गॅसवर ठेवा, शिंतोडे उडू देऊ नका, वर थोडं उंच स्टीलचं झाकण धरा आणि झाकणाला जमलेले थेंब गार झाल्यावर चाखा, फिक्के लागतात.

नेब्युलायझरचं, म्हणजे मास्कमधून औषधाचे तुषार देणाऱ्या यंत्राचं, वेगळं आहे, तो पाणी उकळत नाही, त्याचे बारीक थेंब करतो म्हणून मीठ त्यांच्यासोबत आत जातं. पण त्यात घरचं मीठपाणी नको हं, नळाच्या पाण्यातले जंतू सरळ फुफ्फुसात जातील. मेडिकलमध्ये ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी, म्हणजे सलाईन, मिळतं, तेच. ३ टक्क्यांचं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको, काहींची छाती त्याने आवळते.

नेब्युलायझर घेतल्यानंतर खोल श्वास घ्या, दोन-तीन सेकंद धरा, आणि चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसा ‘हा’ करून जोरात सोडा, सैल झालेला कफ त्यानेच वर येतो. साध्या वाफेने नाक मोकळं वाटतं इतकंच, आणि लहान मुलांना तर गरम टोपापासून लांबच ठेवा.