आखूड केसांच्या मायबापाला लांब केसांचं पिल्लू

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात दिवाळीनंतर एक कुत्री व्याली आणि पारावर आठ-दहा दिवस दुसरा विषयच नव्हता. कुत्री कॉर्गी जातीची. काकाजींच्या मुलाने नागपुरात पाळलेली नर-मादीची जोडी, तो परदेशी गेल्यावर गावच्या घरी आलेली. बुटके पाय, उभे कान, अंगावर आखूड दाट केस. पाच पिल्लं झाली. चार आईवर गेली. पाचव्याच्या कानामागून मात्र दोन महिन्यांत रेशमी झुलपं लोंबू लागली, छातीला झालर आली, मांड्यांच्या मागे पिसारा फुटला.

“काहून जी काकाजी, हे मेंढरावानी दिसून रायलं? याची माय तं बारीक केसायची हाय,” असं कोणी म्हणालं आणि लगेच निवाडाही झाला: कुत्री गावात फिरली, बाप कोणीतरी गावठी. ज्यांनी पिल्लू नेलं होतं ते ‘अस्सल नाही’ म्हणून परत ठेवून गेले. काकाजी गप्प झाले. मला ते फार लागलं, कारण निवाडा चुकीचा होता. त्या पिल्लाचे केस नेमकं उलटंच सांगत होते.

केस सतत वाढत नाही. त्याच्या मुळाशी एक फेरा चालू असतो: काही काळ वाढ, मग वाढ आटोपते, मग विश्रांती, आणि शेवटी जुना केस गळून नवा येतो. वाढीचा काळ जितका लांब तितका केस लांब. ही वाढ थांबवण्याचा निरोप देणारं एक प्रथिन आहे, एफजीएफ-५. पाटावरचं पाणी वेळेवर बंद करणारा माणूसच समजा. तो आला नाही तर पाणी वाहतच राहतं. लांब केसांच्या कॉर्गीत केस वाढवणारं काही जास्तीचं नसतं, थांबवणारं कमी पडलेलं असतं. मला स्वतःला या सगळ्या विषयातली हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

उंदरांत हे १९९४ साली दिसलं होतं. हे प्रथिन बनवणारं जनुक निकामी केलं की उंदराचे केस अंगोरा सशासारखे लांब होतात. कुत्र्यांतला दुवा २००६ साली हाउसली आणि व्हेंटा या अमेरिकी संशोधकांनी दाखवला, आणि त्यांनी सुरुवात केली ती आखूड आणि लांब केसांच्या कॉर्गींपासूनच. पुढे त्यांनी निरनिराळ्या जातींची २१८ कुत्री तपासली. जनुकातलं एकच अक्षर बदललेलं होतं. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत ९५व्या जागी सिस्टीन या अमिनो आम्लाऐवजी फेनिलअॅलनिन हे दुसरं बसतं आणि निरोप पोचत नाही.

आता मायबापाकडे या. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. निरोप द्यायला एक चांगली प्रत पुरते. म्हणून एक बिघडलेली आणि एक चांगली प्रत असलेला कॉर्गी आखूड केसांचाच दिसतो, पिढ्यान्‌पिढ्या कोणाला पत्ता लागत नाही. अशा दोघांची गाठ पडली की प्रत्येक पिल्लाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारांत एक.

कपाशी पेरणाऱ्याला हे नवं नाही. संकरित वाणाची सरकी घरी राखून दुसऱ्या वर्षी पेरली तर एक झाड उंच, दुसरं खुजं, बोंडं कुठे मोठी कुठे बारकी. पहिल्या वर्षी एकसारखं दिसलेलं वावर आतून एकसारखं नव्हतंच. फरक एवढाच की कपाशीच्या धाग्याची लांबी अनेक जनुकं मिळून ठरवतात, कॉर्गीच्या केसांचा हा निकाल एकटं जनुक लावतं.

चारांत एक म्हणजे दर चार पिल्लांत एक हमखास, असं मात्र नाही. प्रत्येक पिल्लासाठी नाणं नव्याने उडतं. पाच पिल्लांच्या वेतात एकही लांब केसांचं न निघण्याची शक्यता सुमारे २४ टक्के असते. म्हणजे आधीच्या वेतात असं पिल्लू झालं नाही, हा काही पुरावा नव्हे. आणि त्या चार आखूड केसांच्या भावंडांपैकी प्रत्येकाच्या अंगात ती प्रत लपलेली असण्याची शक्यता तीनांत दोन. गालाच्या आतून बोळा फिरवून केलेल्या डीएनए तपासणीत ते कळतं.

म्हणून काकाजींना मी सांगितलं, हे केस एकट्या आईच्या पुण्याईवर येत नाहीत. बापानेही तीच प्रत द्यावी लागते. आपल्या गावठी कुत्र्यांचे केस आखूड. दोन्ही चांगल्या प्रती असलेला गावठी बाप असता तर हे पिल्लू आखूड केसांचंच निघालं असतं. बाप घरातलाच, पाय बघा ना या पिल्लाचे, आईइतकेच बुटके. (कॉर्गीचे बुटके पायही याच घराण्यातल्या एफजीएफ-४ या जनुकाच्या एका जादा प्रतीमुळे, हे २००९ साली कळलं.)

कुत्र्यांच्या प्रदर्शनात लांब केस हा कॉर्गीचा दोष मानतात. तो दिसण्याचा दोष, आजार नव्हे. पण वेल्सच्या थंड कुरणांत गुरं वळणाऱ्या या कुत्र्याला आपल्या उन्हाळ्यात जपावंच लागतं, आणि लांब केसांच्याला जरा जास्त. पारा पंचेचाळिसावर गेला की दुपारी त्याला ओट्यावरही बांधू नका. आत, ओल्या फरशीवर, पाण्याजवळ ठेवा. दया येऊन केस मुळापासून भादरू नका, कातडी उन्हाने भाजते. कुत्रा घामाने फारसा नाही, धापा टाकून थंड होतो, म्हणून हवा खेळती हवी.

पिल्लू आता काकाजींकडेच आहे. संध्याकाळी वावरातून आलं की काकू त्याला मांडीवर उताणं घेतात, मांड्यांच्या पिसाऱ्यातले गोखरू आणि कुसळं वेचतात, मग बोटं फाकवून मधल्या खाचेत गोचीड बघतात, आणि शेवटी स्वतःची जुनी फणी कानामागून फिरवतात.