तेलाचा डबा लिटरचा का किलोचा?

दिवाळीच्या आधी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात तेल घ्यायला गेलं की दोन डबे शेजारी शेजारी दिसतात, एकावर 15 लिटर लिहिलेलं, दुसऱ्यावर 15 किलो, आणि लांबनं बघितलं तर दोन्ही सारखेच. आमच्या चुलतीनं सरळ 2200 चा लिटरवाला उचलला, कारण किलोवाला 2350 ला होता, दीडशे वाचले म्हणून खूश. घरी आल्यावर मी वहीत मांडून दाखवलं तरी तिला पटेना, लिटर काय आणि किलो काय, एकच की!

एकच असतं ते फक्त पाण्याला. एक लिटर पाणी म्हणजे जवळपास एक किलो, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की आपण तेच तेलाला, दुधाला, काकवीला सगळ्याला लावतो. पण लिटर म्हणजे वस्तूनं किती जागा घेतली, आणि किलो म्हणजे त्या जागेत माल किती आहे. एकावरनं दुसऱ्यावर जायचं तर एकच गोष्ट माहीत पाहिजे, त्या वस्तूचं एक लिटर किती किलो भरतं. हीच घनता, बाकी काही नाही.

तेलाचं एक लिटर भरतं साधारण 910 ग्रॅम, पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं असतं बघा. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात 15 गुणिले 0.91, 13.65 किलोच तेल. 2200 भागिले 13.65 केलं की किलोला 161 रुपये पडले, आणि 2350 च्या डब्यात 157. महाग दिसणारा डबाच स्वस्त होता!

आता नववीतली पोरं इथंच अडकतात, गुणायचं का भागायचं. वजन, घनता आणि आकारमान यांच्या सूत्राचा त्रिकोण काढून पाठ करतात आणि पेपरात नेमका तो त्रिकोण उलटा आठवतो. मला विचाराल तर त्रिकोण सोडून द्या. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे पाण्यापेक्षा हलकं, म्हणजे 15 लिटरचे किलो 15 पेक्षा कमीच यायला पाहिजेत, हे आधी मनात ठरवा आणि मग आकडे मांडा. उलट 15 किलोचे लिटर काढायचे तर 15 पेक्षा जास्त यायला पाहिजेत, म्हणून 0.91 नं भागायचं, साडेसोळा लिटरच्या आसपास येतं. उत्तर किती यावं याचा अंदाज आधी असला की चूक लगेच डोळ्यात भरते.

दुधाचं उलटं आहे. दुधाची घनता 1.03 च्या आसपास, म्हणजे डेअरीत काट्यावर 10 किलो भरलेलं दूध लिटरमध्ये 9.7 च होतं. गंगावेशीत कट्ट्यावर समोर धार काढून ग्लास भरून देतात तेव्हा वरचा अर्धा इंच फेस असतो, त्या फेसानं जागा घेतली पण वजन जवळपास शून्य, त्यामुळे मापानं मोजलं तर फेसही दुधातच धरला जातो आणि काट्यावर मात्र धरला जात नाही. फेस बसल्यावर पिणारा माणूस शहाणा असं मी म्हणणार नाही, कारण त्या फेसातच खरी मजा आहे.

दूध तपासायला त्यात बुडवतात तो लॅक्टोमीटर पण घनताच सांगतो, त्यावर 30 दिसलं की घनता 1.030. आठ लिटर दुधात दोन लिटर पाणी घातलं तर वजन होतं 8.24 अधिक 2, म्हणजे 10.24 किलो, भागिले 10 लिटर, घनता 1.024, काटा 24 वर आला की चोरी पकडली. पण साय पाण्यापेक्षा हलकी असते, त्यामुळे कुणी आधी साय काढली (घनता वाढली) आणि मग पाणी घातलं (घनता परत कमी झाली) तर लॅक्टोमीटर गप्प बसतो. म्हणून संकलन केंद्रात फॅटही बघतात, नुसत्या घनतेवर पैसे देत नाहीत.

हुपरीच्या चांदीचं घ्या. चांदीची घनता एका घनसेंटीमीटरला 10.5 ग्रॅम. 105 ग्रॅमचं भरीव कडं काठोकाठ भरलेल्या पाण्यात सोडलं तर 10 मिली पाणी सांडायला पाहिजे. 11 सांडलं तर घनता साडेनऊच आली, मग आत तांब्यासारखं हलकं काहीतरी जास्त मिसळलंय (तांबं 8.96). कडं पोकळ असलं तर मात्र हा हिशेब चालत नाही, आत हवा असते.

एककं मिसळू नका एवढंच, मार्क सगळ्यात जास्त तिथंच जातात. 1 मिली म्हणजे 1 घनसेंटीमीटर, आणि 1 घनमीटर म्हणजे 100 घनसेंटीमीटर नव्हे तर 100 गुणिले 100 गुणिले 100, दहा लाख. म्हणून तेलाची घनता पुस्तकात कधी 0.91 दिसते कधी 910, दोन्ही बरोबर, एक ग्रॅम आणि घनसेंटीमीटरमध्ये, दुसरी किलो आणि घनमीटरमध्ये.

पावसाळ्यात राधानगरी धरणाचा स्वयंचलित दरवाजा उघडला, 1428 क्युसेक विसर्ग, असं आपण दरवर्षी ऐकतो आणि आकडा डोक्यावरनं जातो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर, पाणी असल्यामुळे 28.3 किलो. 1428 नं गुणा, एका दरवाजातनं दर सेकंदाला 40 टन, दहा टनी चार ट्रक. सातही दरवाजे उघडले की सेकंदाला 283 टन, म्हणजे तासाला दहा लाख टनांच्या वर पाणी भोगावतीतनं पंचगंगेकडं निघतं, आणि ते गढूळ असतं, आत माती असते, त्यामुळे खरं वजन त्याहून थोडं जास्तच.